बोल्टाखालचा रंग

रविवार, १८ जानेवारी १९५९

आज आमच्या गाडीत मी मागच्या सीटवर बसले. ती इतकी अरुंद आहे हे सहा वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

'आमची' म्हणते, पण गाडी कनकाची. म्हणजे तिच्या वडिलांची. वेंकोबारावांनी निवृत्त होताना ही काळी मॉरिस मायनर घेतली आणि थोडेच दिवस चालवून ते अंथरुणाला खिळले. मी तेव्हा त्यांच्या अड्यारच्या या घरात वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून नवी आले होते. कोल्हापुरात मी दादाची मोटार चालवायचे हे ऐकल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून रोज सकाळी मी चालवते आणि कनका माझ्या डाव्या बाजूला बसते. एकाच कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, ती बॉटनी. वेंकोबाराव जाऊन आता दोन वर्षं होतील. वरची खोली आणि खालचं घर असं आमच्यात काही राहिलेलं नाही.

आज तिचा आतेभाऊ जनकोजी पेरांबूरहून आला. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, चाळिशीला टेकलेला, लग्न अजून व्हायचंय. तो कनकाला गाडी शिकवणार. हे त्या दोघांनी पोंगलच्या दिवशी ठरवलं, मला आज कळलं. एलियट्स बीचकडच्या रिकाम्या रस्त्यावर त्यानं तिला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि मी मागे. क्लच सोडताना गाडी आचके देऊन बंद पडली की दोघं हसायची. मला गिअरबॉक्सची काळजी वाटत होती.

तसं नोव्हेंबरात तिनं आधी मलाच विचारलं होतं, अक्का, मला शिकवशील का. मी म्हटलं, मी आहे ना, तुला कशाला हवं. विषय तिथंच संपला असं मी समजले होते.

आणखी एक. कनका तंजावरकडची मराठी. मी आले तेव्हा ती 'पाणी पाहिजे'ला 'पाणी होणें' म्हणायची, 'म्हणून'ला 'मणून'. मी हसायचे आणि सुधारायचे. आता माझ्याशी ती अगदी आपल्यासारखं बोलते. पण जनकोजी आला की जुनी बोली परत येते, मधेमधे तमिळ, आणि इतकी भरभर की मला निम्मं कळत नाही. त्याला ती 'अत्तान' म्हणते.

तो निघताना तिनं त्याच्या हातात एक पिशवी दिली. आत्याबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, पोंगलला पाठवलेली रेशमी साडी त्यात होती, घडीही न मोडलेली. साड्यांची ने-आण सुरू झाली म्हणायची. जनकोजी जेवला कमी, बोलला त्याहून कमी. या वयातही माणसाची भूक अशी उडते याची मला गंमत वाटली.

मंगळवार, २० जानेवारी

अड्यारच्या पुलावर बैलगाड्यांच्या मागे अडकलो होतो तेव्हा कनकानं सांगितलं की तिनं लायसन्सच्या परीक्षेचा अर्ज देऊन टाकला आहे. शनिवारी, ३१ तारखेला परीक्षा. मी म्हटलं, दोन रविवारांत कोणी गाडी शिकत नाही. तर म्हणाली, अत्तान कारखाना सुटल्यावर संध्याकाळीही येणार आहे. पेरांबूरहून अड्यारला, दोन बसगाड्या बदलून.

मी असताना तुला लायसन्स कशाला, असं मी विचारलं. ती नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू नेहमी असशील का, अक्का?"

मी हॉर्न वाजवला. स्वतः जायचं ठरवायचं आणि दुसराच निघाल्यासारखं विचारायचं, ही कुठली रीत. पेरांबूरहून कॉलेज लांब पडेल. गाडी लागेलच. सगळं जुळतं.

रात्री जेवताना तिनं विचारलं, दादा काय म्हणतात, मार्चचं काय ठरलं. विषय बदलायचा असावा. दादा दिवाळीत इथं चार दिवस राहून गेला, तेव्हापासून त्याचं एकच चाललंय: आईजवळ कोणी नाही, कोल्हापूरच्या कॉलेजात जागा निघतेय, ये. मी 'बघू' म्हटलं होतं. कनकालाही 'बघू' म्हटलं. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे दादाला उभ्या जन्मात कळलेलं नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

स्टाफरूममध्ये अलमेलूला सहज विचारलं, अत्तान म्हणजे कोण. ती गणिताची, व्याख्या नेटकी देते. म्हणाली, आतेभाऊ किंवा मामेभाऊ, ज्याच्याशी लग्न होऊ शकतं असा. आणि लग्न झालं की नवरा. बायका नवऱ्यालाही अत्तानच म्हणतात.

म्हणजे हाक बदलायचीही तसदी नाही.

दुपारच्या तासाला मी फळ्यावर व्होल्टमीटर चुकीचा जोडून दाखवला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं चूक दाखवली. मी तिचे आभार मानले नाहीत.

शनिवार, २४ जानेवारी

कॉलेजातून आल्यावर बॉनेट उघडलं. बॅटरीखालचा पत्रा गंजलाय. समुद्र जवळ, हवा खारी, त्यात बॅटरीचं ॲसिड. हे काम कधीतरी करायचंच होतं, ते आज हातात घेतलं. तारा सोडवल्या, बॅटरी उतरवून पोर्चमध्ये ठेवली, काच कागदानं गंज घासून काढला. पत्रा आतून अजून शाबूत आहे. उद्या काळा एनॅमल रंग, दोन हात. तो वाळेपर्यंत गाडी हलणार नाही.

कनकाला सांगितलं की उद्याची शिकवणी राहील. ती म्हणाली, परीक्षा झाल्यावर केलं असतं तर चाललं नसतं का. मी म्हटलं, गंज परीक्षेच्या तारखा बघत नाही.

वाक्य मला तेव्हा बरं वाटलं होतं. लिहिल्यावर तितकं वाटत नाही. पण गंज खराच आहे, कोणीही येऊन बघावा.

रविवार, २५ जानेवारी

जनकोजी आला. गाडी अशी पाहून त्यानं मला विचारलं, काही धरू का, मदत करू का. नको म्हटलं. मग ती दोघं व्हरांड्यात जाऊन बसली. समोर लाकडी स्टूल ठेवून तो तिला गिअर कुठल्या बाजूला कसा पडतो ते शिकवत होता. तिचा हात त्यानं धरला नव्हता. मी मान वर करून नीट पाहिलं.

एकदा दोघं हसली. कशाला ते कळलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं, माझ्या भाषेत करून. तसं मला नको होतं.

कनका कॉफी घेऊन आली. वाकून बघत म्हणाली, बोल्टसुद्धा रंगवलेस? मी म्हटलं, बोल्ट, वायसर, भोकांच्या आतल्या कडा, सगळं. मी काम अर्धवट करत नाही. तिनं कौतुकानं मान हलवली आणि पुन्हा स्टुलाकडे गेली.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. शेजारच्या रेडिओवर दिल्लीची परेड ऐकू येत होती. रंग आरशासारखा वाळला होता. बॅटरी बसवली, तारा जोडल्या, बोल्ट घट्ट आवळले, हात धुतले, कनकाला हाक मारली आणि किल्ली फिरवली.

काही नाही.

स्टार्टर फिरला नाही, त्याचं मला एवढं वाटलं नसतं. पण आतला लाल दिवाही लागला नाही. हॉर्न नाही, पुढचे दिवे नाहीत, वळताना बाजूला निघणारे दिशादर्शक हात नाहीत. गाडीत विजेचा अंश नाही. हँडल मारून पाहिलं, पण कॉइललाच वीज मिळत नाही तर ठिणगी कुठून पडणार. कनका बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती, गाडीकडे नाही.

प्रयोगशाळेतला छोटा दिवा आणून बॅटरीच्या दोन टोकांना लावला. लख्ख. म्हणजे बॅटरी चांगली. फ्यूज शाबूत. तारांची टोकं घासून पुन्हा लावली, सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुतली. तेच. दिवसभर तेच.

संध्याकाळी कनका म्हणाली, शेजाऱ्यांच्या फोनवरून अत्तानला निरोप देऊ का. मी म्हटलं, गेली दहा वर्षं मी वीज शिकवतेय, पेरांबूरहून माणूस बोलवायची वेळ आलेली नाही. ती म्हणाली, सरी. ठीक आहे असं म्हणायचं असलं की माझ्यासमोर ती 'बरं' म्हणते. आज 'सरी' म्हणाली.

मंगळवार, २७ जानेवारी

बसनं गेलो. गर्दीत ती पुढे, मी मागे. बोलणं झालं नाही. येताना पुन्हा दोन तास गाडीशी. व्यर्थ.

बुधवार, २८ जानेवारी

सापडलं.

कनकाचं प्रॅक्टिकल होतं, मी लवकर घरी आले. दिव्याची एक तार बॅटरीच्या जिवंत टोकाला धरली, दुसरी गाडीच्या पत्र्याला खरवडून टेकवली. अंधार. मग दुसरी तार बॅटरीपासून पत्र्याकडे येणाऱ्या जाड वेणीला लावली. लख्ख. ही वेणी बोल्टानं पत्र्याला आवळलेली असते. म्हणजे वीज बोल्टापर्यंत येत होती आणि तिथंच थांबत होती. मोटारीत परतीची तार नसते, सगळा पत्राच परतीची वाट असतो, हे मी दर वर्षी मुलींना सांगते. त्या वाटेवर मीच दोन हात रंग दिला होता. बोल्ट सोडवून पाहिला. खाली काळा, गुळगुळीत, सुरेख रंग.

रंग खरवडायला स्वयंपाकघरातून सुरी आणली. अगदी थोडं काम होतं. तेवढ्यात जनकोजी फाटकातून आला. हातात पुठ्ठ्यावर काढलेलं गिअरचं चित्र. कनका आली का, म्हणाला. मी म्हटलं, यायची आहे. तो पायरीवर बसून राहिला. मग कनका आली. बसच्या गर्दीनं घामाघूम झालेली, पण त्याला पाहून लांबूनच "अत्तान" म्हणाली आणि चालण्याचा वेग वाढवला. मी बॉनेटपाशी उभी होते. मी तिला दिसले नाही.

बोल्ट होता तसा आवळून टाकला. सुरी पदराखाली.

गाडीचं काय, असं तिनं नंतर विचारलं. मी म्हटलं, अजून काही कळत नाही. जनकोजीनं फार संकोचानं विचारलं, एकदा बघू का, आणि मी बघा म्हटलं. त्याचं काम डब्यांच्या सांगाड्याचं, विजेचं नाही. उजेड होता तोवर त्यानं फ्यूज पाहिले, तारा पाहिल्या, रंगाचं कौतुक केलं. त्याला काही सापडलं नाही. मला बरं वाटलं. एवढं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तो म्हणाला, शनिवारी मित्राची गाडी मागून आणतो, परीक्षा चुकवायची नाही. हे मी धरलं नव्हतं.

गुरुवार, २९ जानेवारी

चहाच्या वेळी कनका दिसेना. वरच्या खिडकीतून पाहिलं तर ती बंद गाडीत बसली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. क्लच, पहिला, क्लच, दुसरा. वळायचं आलं की खरोखर हात बाहेर काढून दाखवायची, उभ्या गाडीत, समोर भिंत असताना. एकदा चुकलं बहुधा. तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी दोन पायऱ्या उतरले होते. मग वाटलं, हे सगळं ती कशासाठी करतेय? इथून जाण्यासाठी. वर आले.

शनिवार, ३१ जानेवारी

मित्राची गाडी मोठी हिंदुस्तान निघाली. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांडीवर. कनकानं ती पहिल्यांदा आज सकाळी पाहिली. मला म्हणाली, येतेस का. मी म्हटलं, वह्या तपासायच्या आहेत.

दुपारी आली. नापास. चढावर थांबवून पुन्हा निघायला सांगितलं, तिथं गाडी मागे घसरली आणि ती घाबरली. इन्स्पेक्टर चांगला होता म्हणे, तीन आठवड्यांनी या म्हणाला. हे सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं, पातेलं चुलीवर ठेवलं, कॉफी केली, मला दिली, स्वतः घेतली नाही आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. जनकोजी बाहेरच्या बाहेर गेला. त्याचा चेहरा पडला होता. फाटकातूनच म्हणाला, दोष माझा, ही गाडी मी आणायला नको होती.

मी सुरी घेऊन बाहेर गेले. बोल्ट सोडवला, रंग खरवडला, पत्रा चकचकीत होईपर्यंत. बोल्टही खरवडला. आवळला. किल्ली फिरवल्याबरोबर लाल दिवा लागला. स्टार्टर ओढला तशी गाडी पहिल्या दमात सुरू झाली.

आवाज ऐकून कनका अनवाणी धावत आली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, सापडलं, आत्ता. तिनं मला मिठी मारली. "मला ठाऊक होतं, तूच काढशील," म्हणाली. आणि त्या तसल्या दिवशी ती हसली.

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळी ती शेजारच्यांना सांगत होती. दुपारी अलमेलू आली, तर तिला बॉनेट उघडून दाखवलं. जनकोजीलासुद्धा जे सापडलं नाही ते विद्याक्कानं शोधून काढलं, स्वतः होऊन, कोणालाही न विचारता. ती हे अभिमानानं सांगत होती, जशी काही मी तिचीच कोणी. इतके दिवस मला हेच हवं होतं. आता ते मिळत होतं आणि मला ऐकवत नव्हतं.

अलमेलू गेल्यावर मी सांगितलं. "आत्ता नाही सापडलं. बुधवारीच सापडलं होतं."

तिला आधी समजलंच नाही. बुधवारी म्हणजे कधी, असं विचारलं. मी म्हटलं, तू यायच्या आधी. तिनं हिशेब केला असावा. मग म्हणाली, गुरुवारी मी गाडीत बसले होते तेव्हा तुला ठाऊक होतं? मी हो म्हटलं. काल सकाळी? हो.

का, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला अजून जुळवता येत नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ती बसनं जाते. सकाळी माझ्या आधी निघते. किल्ली खुंटीवर तशीच असते, मला नेऊ नको असं ती म्हणत नाही, म्हणून मी गाडी नेते. आज पुलाच्या अलीकडे तिची बस माझ्या पुढे आली. मागच्या काचेतून तिची पाठ दिसत होती, वेणीतला मोगरा दिसत होता. शेजारी कोणी म्हातारी बसली होती, कनका तिच्याशी बोलत होती. मला पुढे जाता आलं असतं. गेले नाही. बस थांबली की मी थांबायचे. मागून लोक हॉर्न वाजवत होते. त्या म्हातारीला ती काय सांगत होती कोण जाणे. माझ्या शेजारची सीट रिकामी होती आणि ती परकी म्हातारी तिच्या शेजारी, एवढंच डोक्यात होतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल संध्याकाळी ती वर आली. दारातच उभी राहिली. जे बोलली ते तिच्या बोलीत बोलली, जनकोजीशी बोलते तशी. इतक्या वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा. मी मधे एकही शब्द सुधारला नाही.

म्हणाली, दिवाळीत तुझ्या दादांनी मला सांगितलं, मार्च झाला की विद्याला नेतो, तिनं कबूल केलंय. तू मला काही बोलली नाहीस. विचारलं तर बघू म्हणालीस. मणून मी ठरवलं, गाडी शिकायची. "तूं गेल्यावर त्या बसमधें मला रोज बसायचं नव्हतं. गाडींत दार लावून रडतां तरी येतं."

मी म्हटलं, आणि जनकोजी?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी वेडीच आहे. आत्याबाईंनी पोंगलला साडी धाडली ती त्याचसाठी, लग्नासाठी होती म्हणाली. मी पहिल्याच रविवारी परत केली, तुझ्यासमोर. तरी शिकवायला येईन मणाला. चांगला माणूस आहे.

मी म्हटलं, मी कोल्हापूरला जात नाही. कधी जाणारही नव्हते.

"हें मला कोण्णी सांगितलं?" ती म्हणाली.

ती दाराला टेकली. मग म्हणाली की मला अजून राग आहे, आणि तो किती दिवस राहील मला माहीत नाही, आणि उद्यापासून तू मला चढावर गाडी काढायला शिकव. एवढं बोलून खाली गेली.

आज सकाळी दादाला तार केली. 'येत नाही.' तारेत बघू लिहिण्यासारखी जागाच नसते.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पुलाच्या चढावर रोज संध्याकाळी. मी वाईट शिक्षिका आहे. वर्गात नाही, गाडीत. ती ब्रेक जोरात दाबते तेव्हा माझा पाय इकडे जमिनीत रुततो. आज मी म्हटलं, हँडब्रेक सोडायच्या आधी इंजिनचा आवाज ऐक, आवाज जड होतो तेव्हा सोड. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि सोडला. गाडी केसभरही मागे आली नाही.

चांगलं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, अत्तानने हे सांगितलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी खिडकीबाहेर बघू लागले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

पास झाली. परीक्षा त्याच इन्स्पेक्टरनं घेतली, आमच्याच गाडीत. मी बाहेर चिंचेखाली उभी होते. गाडी वळणाआड गेली की आवाज ऐकत राहायचे, कुठला गिअर पडला ते ओळखायचे. चढावर एकदा थांबल्याचं कळलं. मग बराच वेळ काही नाही. मग निघाल्याचं कळलं.

येताना तिनं चालवली. मी डाव्या बाजूला बसले. जनकोजी दुपारी पेढे घेऊन आला, मी त्याला जेवायला थांबवलं, आग्रह करून वाढलं. आज तो जेवला नीट. जाताना मला म्हणाला, तुम्ही शिकवलंत म्हणून. मी म्हटलं, नाही, आधी तुम्ही. हे बोलणं मला सोपं गेलं असं नाही.

पाच वाजता कनकानं किल्ली घेतली आणि म्हणाली, एकदा एकटी जाऊन येते. कुठं, असं मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं फाटक स्वतः उघडलं, गाडी बाहेर काढली, थांबून उतरली, फाटक स्वतः लावलं. मी व्हरांड्यात उभी होते. रस्त्याच्या टोकाला तिनं उजवीकडचा दिशादर्शक हात काढला आणि वळली.

उजवीकडे बीच आहे. बीचवर या वेळी सगळं अड्यार फिरायला येतं. कोणीतरी ओळखीचं भेटेल, ती त्यांना गाडीत बसवेल, माझ्या जागी. बसवू दे. सहा वर्षं ती माझ्या शेजारी बसली आणि मी तिला कधी विचारलं नाही की कुठं जायचं. रोज मीच वळायचे.

हे लिहिताना मी चार वेळा खिडकीशी जाऊन आले. बाहेर अजून उजेड आहे. ती चांगली चालवते, हे मला ठाऊक आहे. काळजी वाटते ती गाडीची नाही. तिला एकटीनं जायला आवडेल, याची वाटते. हे इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठं बोलणार नाही.

आली. फाटकाबाहेर गाडी उभी आहे. तिनं फाटक उघडलेलं नाही आणि ती उतरतही नाहीये. डावीकडचं दार उघडं दिसतंय, नीट लागलं नसेल. इंजिन तसंच चालू आहे. किल्ली फिरवूनही बंद होत नसेल, स्विचमध्ये काही तरी झालं असणार. बघून येते.